शेजारची खुर्ची

कानाची मशिनं विकणारं ते दुकान चपलाबुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि तिथे गेली अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकांना नंबर पुकारून आत बोलावत. यात काही चुकतंय असं अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिना चढून वर आलं की एक लांब बाक, बाकावर पाच-सहा माणसं, समोर टेबल आणि टेबलामागे मावशी. मावशी खणखणीत आवाजात "सतरा!" म्हणत. बाक ढिम्म. मावशी पुन्हा "सतरा!" म्हणत. बाकावरचं कुणीतरी पंख्याकडे बघे, कुणी स्वतःच्या बुटांकडे. मग मावशी उठत, गुडघा चोळत बाकापर्यंत जात, सतरा नंबरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवत, खाली वाकत आणि त्याच्या कानाशी म्हणत, "चला, तुमची पाळी." तेव्हा कुठे सतरा नंबर उठे.

मालकांना हे कधी दिसलंच नव्हतं. ते दिवसभर आतल्या आवाजबंद खोलीत लोकांचे कान तपासत. त्यांच्या लेखी बाहेर नंबर पुकारला जात होता आणि आत माणूस येत होता, म्हणजे सगळं सुरळीत चाललं होतं.

ज्या बाईने हे पहिल्यांदा पाहिलं, तिला दुकानात अनुभवबाई म्हणत. तिच्या कार्डावर 'ग्राहक अनुभव सल्लागार' असं छापलेलं होतं. मावशींनी ते दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी तिचं बारसं उरकलं. बाईला त्याचा राग आला नाही. तिचा धंदाच तसा होता. माणूस दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला कुठेकुठे ठेच लागते ते शोधायचं आणि मालकाला तो दगड उचलायला लावायचा. एका दातांच्या दवाखान्यात तिने पेशंटच्या डोक्यावरचा दिवा हलवला होता. एका धोबीखान्यात तिने कपड्यांच्या पावतीवरची अक्षरं मोठी करून घेतली होती आणि भांडणं निम्म्यावर आणली होती. पहिल्या दिवशी बाकाच्या टोकाला बसून तिने मावशींचं "सतरा, सतरा" ऐकलं आणि तोंडाला रुमाल लावून हसू दाबलं. मग वहीत लिहिलं, 'पाटी हवी. लाल दिवा. मोठे आकडे.'

पण मालकांनी तिला पाटीसाठी बोलावलं नव्हतं.

"दहा मशिनं विकली की चार ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात," मालक म्हणाले.

"तुम्हाला कसं कळतं?"

"दोन आठवड्यांत बॅटरी संपते. न्यायला कुणी येत नाही म्हटल्यावर समजायचं. दोन-तीन महिने वाट बघतो, मग त्यांचं नाव या यादीत." त्यांनी एक यादी पुढे सरकवली. "मशीन चांगलं आहे. मी जीव ओतून बसवतो. तरी लोक काढून का ठेवतात, तेवढं मला शोधून द्या."

अनुभवबाईने यादीवरून नजर फिरवली. त्रेचाळीस नावं होती. तिच्या वडिलांचं नाव त्यात नव्हतं. मालकांनी ओळखीखातर, भिडेपोटी गाळलं असणार, असं ती धरून चालली. कारण तिच्या वडिलांचं मशीन याच दुकानातलं होतं, दीड वर्षापूर्वी तिनेच घेऊन दिलेलं, आणि ते कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. पलंगाजवळच्या ड्रॉवरमध्ये, निळ्या डबीत. ती रोज संध्याकाळी घरी येई, तेव्हा ते तिथेच असे.

तर या कामात तिचा स्वतःचाही जीव अडकला होता. वडील मोटार मेकॅनिक. उमेदीत ते गाडीचं झाकण न उघडता नुसत्या आवाजावरून सांगत, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. लोक तोंडात बोटं घालत. पुढे कान गेले तसं त्यांचं बोलणंही आटलं, आणि आई गेल्यावर घरात ही दोघंच उरली. मशीन बसवायला मालक ओळखीखातर घरी आले होते आणि त्यांनी वीस शब्द ऐकवून परीक्षा घेतली होती. वडिलांनी सोळा ओळखले. तेव्हा मालकांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हे वापरलं पाहिजे हं. कान शब्द आत पाठवेनासे झाले की मेंदू शब्द ओळखायचं विसरतो. मग कितीही भारी मशीन लावा, आवाज येतो आणि शब्द हाती लागत नाही. आज सोळा आहेत. नाही वापरलं तर दोन वर्षांत आठ होतील."

सोळाचे आठ. हे आकडे तिच्या डोक्यातून जात नव्हते. वडिलांनी मशीन जेमतेम महिनाभर लावलं आणि "कटकट होते" म्हणून काढून ठेवलं. तिने समजावलं, चिडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. वडील नुसते हसले. फेरतपासणीला चला म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघे. आता संध्याकाळी दमून घरी आल्यावर पुन्हा पूर्वीसारखं त्यांच्या शेजारी बसा, डाव्या कानाशी तोंड न्या आणि दिवसभराचं सगळं ओरडून सांगा. यात तिची रोजची वीस मिनिटं जात. मशीन होतं तो महिना किती सुखाचा गेला होता! स्वयंपाकघरातून हाक मारता येई, ओट्याशी पाठमोरं उभं राहून बोलता येई, एका हाताने फोनवर दुसरं काम उरकता येई.

कामाला लागल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर यादी समोर घेऊन फोन लावायला बसली. मावशींना हसलेली ही बाई, कान गेलेल्या त्रेचाळीस माणसांना फोन लावत होती. फोन उचलला अर्थातच मुलांनी, सुनांनी, एका ठिकाणी नातीने. सगळ्यांचं म्हणणं एकच. मशीन छान आहे, आता ओरडावं लागत नाही, घशाला आराम पडला. हल्ली जरा कमी लावतात, पण लावतील. अनुभवबाईने त्याचा एक रंगीत तक्ता केला आणि मालकांपुढे ठेवला. ग्राहक समाधानी.

मालकांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "यात बहिरं कोण आहे?"

"म्हणजे?"

"यातल्या एका तरी बहिऱ्या माणसाशी तुम्ही बोललात का?"

अनुभवबाईने कपाळावर हात मारून घेतला. पण ती कामाची पक्की होती. तक्ता फाडला आणि ठरवलं की आता बाकावर बसायचं आणि येईल त्याच्याशी समोरासमोर बोलायचं. सकाळी तिचं दुसरीकडे काम असे. दुपारी ती दुकानात येई आणि सहापर्यंत थांबे.

मधल्या काळात पाटी लागली. लाल आकडे चांगले वीतभर उंचीचे होते आणि नंबर बदलला की दिवा लुकलुके. पहिल्याच दिवशी बाकावरची माणसं आपणहून उठून आत जायला लागली. मालक खूश झाले. मावशींना आता उठावं लागत नव्हतं. गुडघ्याला विश्रांती मिळाली, पण त्यांचा चेहरा उतरला. त्या टेबलावरची काच पुसायच्या. पुसून झाली की पुन्हा पुसायच्या.

दाराजवळ सूचनांची एक पेटी होती. वर्षभरात तिच्यात दोन चिठ्ठ्या पडत, त्यातली एक चपलांच्या दुकानाविषयी असे. पाटी लागल्यावर पंधरा दिवसांत अकरा पडल्या. 'त्या बाई उठून का येत नाहीत? आजारी आहेत का?' 'पाटी चांगली आहे. बाईंना सांगा, विचारत होते म्हणून.' 'खांद्यावर हात ठेवायच्या ते बरं होतं.' अनुभवबाईने सगळ्या वाचल्या. नवीन काही केलं की लोक आधी कुरकुरतातच, असा तिचा आजवरचा अनुभव होता. तिने चिठ्ठ्या टाचणी लावून फायलीत ठेवून दिल्या.

मग एका दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. ठेंगण्या, बोटांना सुयांचे घट्टे, गळ्यात अजून मोजायची पट्टी. मशीन परत घेता का विचारायला आल्या होत्या. अनुभवबाई त्यांच्याजवळ सरकून बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, मशीनमध्ये काही बिघाड आहे का?"

"बिघाड कसला? नको इतकं ऐकू येतं. शेजारणीच्या घरातली भांडीसुद्धा."

"मग परत का करताय? दुखतं का कानात?"

आजींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, कापड हातात घेतल्यावर पाहावं तसं. "तुला लग्न झालेला मुलगा आहे का गं?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं. तरी सांगते. मशीन नव्हतं ना, तेव्हा सून माझ्याजवळ येऊन बसायची. गुडघ्यावर हात ठेवायची, कानाशी बोलायची. चार शब्द बोलायची, पण बोलायची माझ्याशी. आता मशीन लावलं की तिकडून आतूनच ओरडते, 'आई, जेवायला चला.' मुलगा जिन्यातून बोलतो. नातू तर फोनमधून डोकं वर काढत नाही. बोलणं सगळं ऐकू येतं गं, पण माणूस काही जवळ येत नाही. मग मी विचार केला, दोन्हींतलं काय ठेवायचं? मशीन ठेवलं डब्यात."

"आणि मग?"

"मग काय, परत येऊन बसायला लागली. बिचारी, ओरडून ओरडून घसा बसतो तिचा." असं म्हणून आजी स्वतःशीच हसल्या. त्यांना सुनेची दया येत होती, आणि आपण काही वाईट करतोय असं मुळीच वाटत नव्हतं.

अनुभवबाईला वाटलं, सापडलं. तिने तिथल्या तिथे वही उघडली आणि लिहिलं, 'मशीन लावल्यावर घरची माणसं लांबून बोलतात. गिऱ्हाईक एकटं पडतं. म्हणून काढून ठेवतं.' खाली दोन रेघा मारल्या. मग फायलीतल्या अकरा चिठ्ठ्या बाहेर काढून पुन्हा वाचल्या आणि मनातल्या मनात मावशींची माफी मागितली. त्या दिवशी घरी जाताना ती खुशीत होती. आपल्याही घरात असंच काही असेल, हे जिना चढताना तिच्या मनात आलं नाही. कामाच्या ठिकाणी उघडे असलेले डोळे घरी उघडे असतीलच असं नाही. घरी पोचल्यावर ती वडिलांच्या शेजारी बसली आणि शिवणाऱ्या आजींची सगळी गोष्ट डाव्या कानात ओरडून सांगितली. वडिलांनी ती मान खाली घालून ऐकली आणि शेवटी विचारलं, "मग आता काय करणार आहेस तू?"

"खुर्ची ठेवणार," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. आतल्या खोलीत गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची होती, घरचं माणूस बाहेर बाकावर बसे. अनुभवबाईने गिऱ्हाइकाच्या खुर्चीला टेकून दुसरी खुर्ची ठेवायला लावली. यापुढे मशीन बसवताना घरचं एक माणूस तिथे बसणार, आणि मालक आधी त्यालाच शिकवणार. समोरच्या भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून एक पाटी लावली. 'मशीन लागलं तरी जवळ बसा. आधी हात ठेवा. मग बोला.' लाल आकड्यांची पाटी राहिली, पण मावशींना पुन्हा उठायचं फर्मान निघालं. नंबर दिव्याने कळेल, माणूस मावशींनी आणायचा. मावशी त्या दिवशी गुडघ्याला हात न लावता उठल्या.

दोन महिन्यांत फरक दिसला. नव्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ सगळी बॅटरीसाठी परत आली. जुन्या यादीतल्यांना मालकांनी घरच्या माणसासकट बोलावून घेतलं, त्यातलेही निम्मे सुधारले. शिवणाऱ्या आजी सुनेला घेऊन आल्या. सून पाटी वाचून आधी लाजली, मग तिचे डोळे भरून आले. मालक अनुभवबाईला म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी कानच दुरुस्त करत बसलो." एरवी ते कुणाचं असं कौतुक करत नसत.

आता राहिले होते वडील. या वेळी अनुभवबाईने त्यांना कारण सांगायला जागाच ठेवली नाही. एके दिवशी कामाला सुट्टी टाकून ती घरीच राहिली आणि दुपारी त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाबा, मी तुमच्याबरोबर आत बसणार आहे. शेजारच्या खुर्चीवर. चला." ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि उठले. निळी डबी खिशात टाकली.

बाकावर वडिलांना बसवून ती नंबर घ्यायला गेली, तोवर मावशी टेबलामागून बाहेर येऊन वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "आज दुपारचे कसे काय? बॅटरीचं पाकीट संपलं का?" त्या त्यांच्या कानाशी विचारत होत्या. वडिलांनी मान हलवली आणि डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मावशींना ती खूण काही कळली नाही.

"मावशी, हे माझे वडील."

"अगं बाई! हे तर आपले गॅरेजवाले आजोबा! दर पंधरा दिवसांनी सकाळी येतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजात बसतात ना दिवसभर, पोरांना गाड्यांचे आवाज शिकवत."

मावशींची कुणातरी दुसऱ्याशी गफलत होते आहे, असं अनुभवबाईला वाटलं. रोज इतके आजोबा येतात, व्हायचंच. तिने हसून विषय सोडून दिला.

आत मालकांनी वडिलांना खुर्चीत बसवलं, ती शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्ची छान होती, बेताची उंच. तिनेच निवडली होती. मालकांनी मशीन कानात बसवून वीस शब्द ऐकवायला सुरुवात केली. वडील एकेक शब्द उच्चारत गेले. अनुभवबाई बोटांवर मोजत होती. आठ झाले. दहा झाले. तेरा, पंधरा. वडील थांबेचनात.

"अठरा," मालक म्हणाले. "वाढलेत की! अशी सुधारणा मी क्वचितच बघतो."

"पण हे मशीन लावतच नाहीत," ती म्हणाली.

मालकांनी भुवया उंचावल्या. "असं कसं होईल? थांबा, साफही करतो आणि बघतो." त्यांनी वडिलांच्या कानातून मशीन काढलं, त्याला वायर जोडली आणि संगणकाला लावलं. "याच्या पोटात नोंद होत असते. कधी चालू होतं, कधी बंद. मी एरवी ती बघत नाही, कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं."

पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या, एका दिवसाची एक. मालकांनी चष्मा वर केला.

"हे बघा. सकाळी साडेनऊला चालू, संध्याकाळी सहाला बंद. रोज. अहो, इतक्या शिस्तीत तर माझं एकही गिऱ्हाईक मशीन वापरत नाही. वर्षभर एक दिवस चुकलेला नाही." मग त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "नाही, चुकलाय. रविवारी अजिबात नाही. एकही रविवार नाही."

सकाळी साडेनऊला ती कामाला निघे. संध्याकाळी साडेसहाला ती घरी येई. रविवारी ती कुठे जात नसे.

अनुभवबाई पडद्याकडे बघत राहिली. त्या यादीतून त्यांचं नाव कुणी भिडेपोटी गाळलं नव्हतं, ते त्या यादीतलं नव्हतंच. मावशींची गफलत झाली नव्हती. वडील वर्षभर दिवसभर ऐकत होते, गाड्या, गॅरेजातली पोरं, रस्ता, सगळं. फक्त ती यायच्या आधी ते काढून निळ्या डबीत ठेवत होते. तिला आपल्या ओट्यापाशी पाठमोरं उभं राहून मारलेल्या हाका आठवल्या. त्या वीस मिनिटांवर ती किती वैतागायची तेही आठवलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मशीन अजून वायरीला लटकत होतं. वडिलांना यातलं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. ते शांतपणे समोरच्या भिंतीवरची, लेकीच्या अक्षरातली पाटी वाचत बसले होते.

ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "बाबा, रविवारी का नाही लावत?"

वडिलांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेली हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पोरासारखे ओशाळले.

"रविवारी तू घरी असतेस ना," ते म्हणाले.